पलस्तराखालची कातडी

बीड जिल्ह्यात हाड बारा महिने मोडतं. कोणी दुचाकीवरून घसरतं, कोणी शेतातल्या ओल्या बांधावरून, कोणाला बैल ढकलतो, कोणी शेळीला पाला काढताना झाडावरून पडतं. पलस्तर लवकर निघावं ही घाई मात्र दसऱ्याच्या सुमाराला सुरू होते. आमच्या फिजिओथेरपीच्या खोलीत एरवी "हात कधी बरा होईल?" असं विचारणारी माणसं तेव्हा "दिवाळीपर्यंत कोयता धरता येईल का?" असं विचारू लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या डोंगरपट्ट्यातली गावं दिवाळीच्या आगेमागे रिकामी होतात. टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल नवरा-बायकोच्या जोडीवर असते. त्या जोडीतला एक हात जरी आखडलेला असला तरी दोघांचाही हिशेब बिघडतो, कारण फडात खाडा पडला की पैसे कापले जातात.

अशा हातांवर काम करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. या काळात हाडांबद्दल, स्नायूंबद्दल, सांध्यांबद्दल पुष्कळ बोललं गेलं. रुग्णांशी, नातेवाइकांशी आणि आम्हा सहकाऱ्यांमध्येही. कातडीबद्दल मात्र फार थोडं. पलस्तर निघाल्यावर सांधा का आखडतो, या प्रश्नाच्या उत्तरात कातडीचं नाव सहसा येतच नाही. ते यावं, आणि जेवढं खरं आहे तेवढंच यावं, म्हणून हे लिहिते आहे.

पलस्तर कापून उघडलं की बहुतेकांचा चेहरा उतरतो. आतला हात बारीक झालेला असतो. कातडी पिवळट, खवल्यांची, कोरडी दिसते. वास येतो. केस वाढलेले दिसतात. "कातडं सडलं का काय?" असं घाबरून विचारलेलं मी अनेकदा ऐकलं आहे. ते सडलेलं नसतं. कातडीचा वरचा थर साधारण महिन्याभरात नवा होत असतो. जुन्या पेशी रोजच्या अंघोळीत, कामात, कपड्याच्या घासण्यानं निघून जातात. पलस्तराखाली त्यांना जायला जागा नसते, म्हणून त्या तिथेच साचून राहतात. ऊसतोड करणाऱ्या, खुरपणाऱ्या हातांच्या तळव्यांना मुळातच घट्टे असतात. असे तळवे पाच-सहा आठवडे बंद राहिले की त्यांची साल जाड पापुद्र्यांनी सुटते. हे सगळं वरवरचं असतं आणि पाण्या-तेलानं आठ-पंधरा दिवसांत निवळतं.

खरा प्रश्न त्याच्या खालचा असतो. वरच्या पातळ थराखाली कातडीचा मुख्य थर आहे, तो बहुतांशी कोलॅजन नावाच्या चिवट तंतूंचा बनलेला असतो. त्याखाली चरबी आणि तिच्यात पसरलेलं मऊ जाळं, मग स्नायूंवरचं पातळ आवरण, मग स्नायू आणि कंडरा, आणि सगळ्यांत आत सांध्याभोवतीचं आवरण. निरोगी हातात हे थर एकमेकांवरून सरकतात. मनगटाच्या मागची कातडी बोटानं पुढे-मागे ढकलून बघा, ती सहज हलते, खालची कंडरा मात्र जागची हलत नाही. जखम झाली, सूज आली आणि हात बरेच दिवस स्थिर राहिला की मधल्या जागेत साचलेल्या द्रवातली प्रथिनं घट्ट होऊ लागतात, नवे तंतू तयार होतात आणि थर एकमेकांना धरून बसतात. आमच्याकडच्या बायकांना मी हे वाकळेच्या उदाहरणानं सांगते. जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर नुसते ठेवलेले असतात तोवर प्रत्येक थर वेगळा ओढता येतो. त्यांना धावदोरा घातला की एक ओढला तरी सगळे ओढले जातात. पलस्तरातली सूज आतून असे टाके घालत असते. बायकांना हे लगेच पटतं, कारण त्यांच्या हातांनी ते काम केलेलं असतं.

आता आकड्यांचं पाहू, कारण कातडीवर सगळा दोष ढकलणंही तितकंच चुकीचं होईल. १९६२ मध्ये रिचर्ड जॉन्स आणि व्हर्ना राइट या दोन संशोधकांनी मांजराच्या मनगटाचा सांधा घेऊन एक मोजमाप केलं. सांधा हलवायला जो विरोध होतो, त्यात कोणत्या ऊतीचा किती वाटा, हे त्यांनी एक-एक थर वेगळा करून पाहिलं. सांध्याच्या आवरणाचा वाटा सुमारे ४७ टक्के, स्नायूंचा ४१ टक्के, कंडरांचा १० टक्के आणि कातडीचा फक्त २ टक्के निघाला. फिजिओथेरपीच्या शिक्षणात हा आकडा सगळ्यांना भेटतो, आणि तो वाचल्यावर कातडीचा विषय तिथेच संपतो.

स्नायूंबद्दलचे पुरावेही भक्कम आहेत. १९७२ मध्ये ताबारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की मांजराच्या पोटरीतला स्नायू आखूड स्थितीत पलस्तरात ठेवला तर चार आठवड्यांत त्याच्या लांबीतले सुमारे ४० टक्के घटक कमी होतात, आणि पलस्तर काढल्यावर ते पुन्हा भरून येतात. पुढे २००० मध्ये ट्रुडेल आणि उथॉफ यांनी उंदरांच्या गुडघ्यांवर काम करून दाखवलं की सुरुवातीच्या आठवड्यांत आखडण्यात स्नायूंचा वाटा मोठा असतो, आणि सांधा जितका जास्त काळ बंद राहील तितका सांध्याच्या आतल्या भागांचा वाटा वाढत जातो. पलस्तर गरजेपेक्षा एक आठवडाही जास्त राहू नये, हे आम्ही का सांगतो ते यावरून कळेल. स्नायूचं आखडणं बरंचसं परतवता येतं. सांध्याच्या आवरणाचं आखडणं फार कष्टानं सुटतं.

मग त्या २ टक्क्यांच्या कातडीकडे लक्ष द्यायचं कशाला? तो आकडा काय मोजून आला आहे, हे समजून घेतलं तर त्याचं उत्तर मिळतं. तो निरोगी प्राण्याच्या सांध्याचा आहे. ती कातडी सुजलेली नव्हती, खाली चिकटलेली नव्हती, तिच्यावर व्रण नव्हता. मोजमाप सांध्याच्या मधल्या हालचालीचं होतं, जिथे कातडीला अजून सैलपणा शिल्लक असतो. हालचालीच्या शेवटच्या टप्प्यात, मूठ पूर्ण वळताना किंवा गुडघा पूर्ण दुमडताना, कातडीचा सैलपणा संपतो आणि तिथे तिचा विरोध वाढतो. नंतरच्या अनेक प्राणिप्रयोगांत तर सांधा मोजण्याआधी कातडी सोलून बाजूला केली जाते. संशोधकांना आतल्या ऊतींचं मोजायचं असतं, त्यामुळे त्यात गैर काही नाही. पण माझ्यासमोर येणारा माणूस कातडीसकट येतो.

वाचकांनी एक गोष्ट स्वतः करून बघावी. डाव्या हाताचा पंजा सरळ ठेवा आणि उजव्या हातानं त्याच्या मागच्या कातडीची चिमट घ्या. चांगली मोठी चिमट येते. आता मूठ घट्ट वळा आणि त्याच जागी चिमट घ्यायचा प्रयत्न करा. कातडी हाती लागत नाही, किंवा अगदी थोडी लागते. मूठ वळताना पंजाच्या मागच्या बाजूला जास्तीची लांबी लागते आणि ती त्या सैल कातडीतून येते. पंजाला सूज आली की सूज नेमकी मागच्या बाजूला साचते, कारण तळव्याची कातडी खाली घट्ट बांधलेली आहे आणि मागची सैल आहे. मागे पाणी साचलं की सैल कातडी त्या पाण्याभोवतीच ताणली जाते. मूठ वळायला शिल्लक काही उरत नाही. बोटं मुळाशी सरळ होतात, मधल्या पेरांत वाकतात, आणि हात तसाच आठवडेच्या आठवडे राहिला तर त्या स्थितीत सांध्याचं आवरणही आखडतं. म्हणजे सुरुवात कातडीच्या आणि सुजेच्या पातळीवर होते आणि शेवट सांध्यात होतो. हाताच्या बाबतीत मला हे सतत दिसत आलं आहे.

धारूरकडच्या एक ताई अशाच आल्या होत्या. श्रावणात ओल्या अंगणात पाय घसरला, उजवा हात टेकला आणि मनगटाचं हाड मोडलं. पलस्तर कोपराच्या खालपासून तळव्यापर्यंत होतं, बोटं मोकळी होती. पण बोटं हलवली तर हाड सरकेल, या भीतीनं त्यांनी ती हलवलीच नाहीत. हात गळ्यात अडकवला तोही खाली लोंबत राहील असा. पलस्तर निघालं तेव्हा हाड छान जुळलेलं होतं, पण बोटांची टोकं तळव्याला टेकत नव्हती. "हाड जुळलंय म्हणत्यात, मग मूठ का वळंना मॅडम?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

अशा वेळी कोणता थर किती अडवतो आहे, हे हातानं तपासता येतं. मनगट मागे वाकवून बोटं दुमडली आणि मग मनगट पुढे वाकवून दुमडली, आणि या दोन वेळांत फरक पडला, तर अडवणूक स्नायू-कंडरांची असते. मनगट कसंही ठेवलं तरी बोट तेवढंच वाकत असेल तर सांध्याचं आवरण अडवतं. आणि तिसरी तपासणी कातडीची. बोटं दुमडत नेताना पेरांच्या मागची कातडी पांढरी पडते का, हे बघायचं. मग पंजाच्या मागची कातडी आपल्या तळव्यानं मनगटाकडून बोटांकडे सरकवून धरायची, म्हणजे तिला थोडी सैल जागा मिळते, आणि बोटं पुन्हा दुमडायची. आता ती जास्त वाकली तर तेवढा फरक कातडीचा आणि तिच्याखालच्या चिकटलेल्या थराचा.

ताईंच्या हातात तिन्हींचा वाटा होता. पेरांच्या मागची कातडी चुन्यासारखी पांढरी पडत होती, आणि ती पुढे सरकवून धरली की बोटांची टोकं तळव्याच्या बरीच जवळ येत होती. मी त्यांना तसं सांगितलं तेव्हा त्यांना ते पटलं नाही. "कातड्यानं काय होतंय? दुखणं तर आतमधी हाय." मी त्यांचाच दुसरा हात घेऊन चिमटीचा प्रयोग करून दाखवला. दोन्ही हातांतला फरक त्यांनी स्वतःच्या बोटांनी चाचपला आणि मग त्या कामाला लागल्या.

काम साधंच होतं. आधी सूज उतरवणं. दिवसभर हात हृदयाच्या वर राहील असा ठेवणं, झोपताना उशीवर ठेवणं, आणि हात वर धरून मूठ उघड-मीट करत राहणं. मग कोमट पाण्यात हात बुडवून ठेवणं, पुसून लगेच तेल लावणं, आणि मग कातडी सरकवणं. कातडी सरकवणं म्हणजे चोळणं नाही, हे मी प्रत्येकाला दाखवून सांगते. बोटाचं टोक कातडीवर ठेवायचं, ते कातडीवरून घसरू द्यायचं नाही, कातडीच खालच्या थरावरून पुढे-मागे आणि आडवी हलवायची. जिथे ती हलत नाही तिथे थोडं थांबायचं, पुन्हा हलवायची. आमच्या खोलीत मेणाचा शेक असतो, साधारण ५० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेलं, तेल मिसळलेलं पॅराफिन मेण. त्याचे थर हातावर चढवून, बोटं सोसवेल तेवढी दुमडून क्रेप बँडेजनं हलकी बांधायची आणि तसंच काही वेळ ठेवायचं. ऊब आणि हळू, लांब वेळ दिलेला ताण, या दोन गोष्टींना कोलॅजनचे तंतू दाद देतात. झटका दिला तर ते दाद देत नाहीत, उलट चिघळतात, आणि पुन्हा सूज येते.

बोटाचं टोक आणि तळव्याची आडवी रेघ यांच्यातलं अंतर आम्ही पट्टीनं मोजतो. ते अंतर कमी होताना ताईंना स्वतःला दिसत होतं, म्हणून त्या टिकल्या. दिवाळीपर्यंत मूठ वळली, पण मुठीत जोर आला नव्हता. कोयता धरू नका, असं मी सांगितलं होतं. त्या टोळीबरोबर गेल्या, कारण न जाणं त्यांच्या हातात नव्हतं. नवऱ्यानं तोडणी केली, त्यांनी वाढं गोळा करण्याची आणि हलकी कामं केली, आणि रोज रात्री कोपीत चुलीवरच्या कोमट पाण्यात हात ठेवून व्यायाम चालू ठेवला. उन्हाळ्यात परतल्यावर त्या मूठ दाखवायला आल्या. ती भाकरी थापायला आणि धुणं पिळायला पुरेशी घट्ट होती.

हाताखालोखाल कातडीचा हिशेब गुडघ्यात दिसतो. खुर्चीत बसायला गुडघा ९० अंश वाकला तरी चालतं. उकिडवं बसायला १३० अंश किंवा त्याहून जास्त लागतात. आमच्याकडे खुर्चीत बसून होणारं काम थोडं आहे. खुरपणी, दूध काढणं, उसाच्या बुडाशी वाकणं, उघड्यावरचा किंवा खाली बसण्याचा संडास, देवळात मांडी घालणं, सगळं गुडघा पूर्ण दुमडण्यावर चालतं. गुडघा सरळ असताना त्याच्यापुढची कातडी सुरकुतलेली असते आणि दुमडला की ती लांबीत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ताणली जाते. शस्त्रक्रिया झालेली असेल तर नेमका याच जागी व्रण असतो. व्रण खाली चिकटला असेल तर गुडघा वाकवताना तो आत ओढला जातो, तिथे खळगा पडतो.

दुचाकीच्या अपघातात मांडीचं हाड गुडघ्याजवळ मोडलेले आणि पट्टी-स्क्रू घातलेले तरुण आमच्याकडे पुष्कळ येतात. त्यांच्यापैकी एकाचा व्रण असाच खोल ओढला जात होता. त्याच्यावर रोज काम करून व्रण सुटा झाला, खळगा पडणं थांबलं, गुडघा थोडा जास्त वाकला. पण बाकीची अडवणूक मांडीचा पुढचा स्नायू हाडाला चिकटल्याची होती आणि ती कातडी मोकळी केल्यानं जाणारी नव्हती. त्याला मी ते स्पष्ट सांगितलं आणि परत शल्यचिकित्सकांकडे पाठवलं. कातडीचं काम करताना तिची मर्यादाही डोळ्यांपुढे ठेवावी लागते. जिथे आतलं हाड, आवरण किंवा स्नायू अडवतो आहे तिथे नुसती कातडी चोळत बसणं म्हणजे रुग्णाचा मोलाचा काळ घालवणं.

याच्या अगदी उलट टोकाला भाजलेली मुलं आहेत. चुलीवरचं आधण अंगावर सांडतं, पेटत्या सरपणात तोल जातो. जखम भरते, घरचे निश्चिंत होतात, आणि मग हळूहळू कोपर वाकत जातो, काख चिकटते, हनुवटी छातीकडे ओढली जाते. एक्स-रे काढला तर सांधा स्वच्छ दिसतो. तिथे अडवणूक पूर्णपणे कातडीची असते. भाजल्याचा व्रण भरून आल्यावरही कित्येक महिने आकसत राहतो. मूल वाढतं, हाड वाढतं, व्रण त्या वेगानं वाढत नाही. म्हणून पाचव्या वर्षी सरळ झालेला हात आठव्या वर्षी पुन्हा वाकू शकतो. अशा मुलांना सांधा ताणलेल्या स्थितीत ठेवणारी पट्टी रात्रीची वापरावी लागते, दाब देणारा कपडा घालावा लागतो, रोज ताण द्यावा लागतो आणि वाढ पूर्ण होईपर्यंत मधूनमधून दाखवावं लागतं. गरज पडली तर प्लास्टिक सर्जरी करून व्रणाची रेघ मोडावी लागते. पालकांना मी एकच गोष्ट परत परत सांगते. मूल ज्या स्थितीत हात पोटाशी धरून झोपतं, ती स्थिती त्याला बरी वाटते आणि व्रण त्याच स्थितीत पक्का होतो. बरं वाटणारी ती स्थिती लवकरात लवकर सोडवायला हवी.

आमच्या भागात हाडवैद्यांची परंपरा जुनी आहे. बांबूच्या कामट्या, घट्ट पट्टा, लेप, आणि पट्टा सुटल्यावर जोरात मालिश. यातलं सगळंच टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. हाताला ऊब, तेल आणि माणसाचा स्पर्श मिळावा ही त्यामागची भावना बरोबर आहे. पण दोन गोष्टी फार घातक आहेत. पहिली म्हणजे घट्ट पट्टा. सूज वाढत असताना वरचं बंधन सैल झालं नाही तर स्नायूंचा रक्तपुरवठा अडतो आणि काही तासांत स्नायू मरू लागतो. तो हात पुढे आयुष्यभर वाकडा राहतो. पलस्तर असो वा पट्टा, बोटं काळी-निळी पडली, बधिर झाली, किंवा बोट सरळ करताना असह्य कळ आली, तर रात्र उलटू न देता ते सैल करून घ्यायला हवं. दुसरी घातक गोष्ट म्हणजे कोपराला जोरानं मालिश करणं आणि हिसके देऊन तो वाकवणं. विशेषतः मुलांच्या कोपराच्या मोडीनंतर असं केलं तर स्नायूत हाड तयार होऊ लागतं आणि कोपर कायमचा अडकतो. म्हणून कोपराच्या बाबतीत माझा आग्रह असतो की मुलानं स्वतः, खेळताखेळता, जेवताना, वेणी घालताना तो हलवावा. दुसऱ्यानं ओढू नये. कातडी सरकवायची ती दुखणार नाही इतकीच.

तेल-पाण्याच्या उपायाला पुस्तकी उपचारांत खालचं स्थान दिलं जातं, पण तो कुष्ठरोगाच्या कामातून तावून-सुलाखून आलेला आहे. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कुष्ठरुग्णांच्या वाकलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. आपल्याकडे अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन उभं केलं आणि वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन. कुष्ठरोगात नसा मेल्यानं घाम थांबतो, कातडी कोरडी पडून चिरते, बोटं वाकतात, आणि बोटं वाकलेली राहिली की तळव्याकडची कातडी आखूड होते. त्या हातांसाठी जगभर शिकवला गेलेला रोजचा क्रम सोपा आहे. हात पाण्यात भिजत ठेवा, ओले असतानाच तेल लावा म्हणजे ओलावा आत राहील, मग हात मांडीवर ठेवून दुसऱ्या हातानं बोटं हळूहळू सरळ करा. पलस्तर निघालेल्या हाताला मी जे सांगते ते याहून फार वेगळं नाही. अतिशय गरीब माणसाला, दवाखान्यापासून लांब, स्वतःच्या घरी करता येईल असा उपचार काय असतो, हे त्या कामानं आधीच दाखवून दिलं आहे.

बीडसारख्या जिल्ह्यात हे महत्त्वाचं आहे. अंबाजोगाईला १९७४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्यामुळे अवघड मोडीवरची शस्त्रक्रिया जिल्ह्यात होऊ शकते. पण हाड जोडायला एक-दोन फेऱ्या पुरतात, सांधा सोडवायला रोजचं काम लागतं. आष्टी-पाटोद्याचा माणूस व्यायामासाठी रोज जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला येऊ शकत नाही. जवळच्या गावी फिजिओथेरपी असली तरी एसटीचं भाडं आणि बुडालेली रोजंदारी मिळून तो उपचार महागच पडतो. म्हणून पहिल्या एक-दोन भेटींतच घरच्या माणसाला शिकवून ठेवावं लागतं. सांध्याच्या आवरणाला ताण देण्याचं तंत्र घरच्यांना शिकवणं कठीण आहे, चुकलं तर इजा होते. सूज उतरवणं, कातडी भिजवणं, तेल लावणं आणि थर सरकवणं हे मात्र आठवीतली मुलगीही आपल्या आजीसाठी नीट करू शकते. कातडीकडे लक्ष द्या, असं मी म्हणते त्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. आखडण्यात तिचा वाटा लहान असेल, पण घरच्या हातांना पोचता येतो असा तो पहिला थर आहे. आणि त्या थरावर रोज हात फिरला की माणसाची भीती जाते, तो सांधा हलवू लागतो, आणि सांधा हलला की आतल्या थरांचंही काम सुरू होतं.

माझ्या सहकारी डॉक्टरांना विनंती आहे की पलस्तर घालताना केसपेपरवर दोन ओळी मराठीत लिहाव्यात. हात उंच ठेवा. बंद नसलेले सांधे, म्हणजे बोटं, कोपर, खांदा, पहिल्या दिवसापासून दर तासाला हलवा. तोंडी सांगितलेलं भीतीपोटी विसरलं जातं, लिहिलेलं घरातलं शिकलेलं पोर वाचून दाखवतं. मुकादमांना आणि कारखान्यांना विनंती आहे की पलस्तर निघालेल्या माणसाला लगेच कोयता देऊ नका, निदान पहिला महिना हलकं काम द्या.

आणि ज्यांच्या घरात आज कोणाचा हात किंवा पाय पलस्तरात आहे त्यांना सांगणं असं की पलस्तर निघाल्यावर खवले खरवडू नका, ते पाण्यात भिजवून आपोआप सुटू द्या. पाणी आधी तुमच्या कोपरानं तपासा, विशेषतः मधुमेह असेल तर, कारण आजारी हाताला चटका कळत नाही. व्रण पूर्ण भरला असेल तरच त्याच्यावर तेल लावा. कातडी चोळू नका, सरकवा. लालसर झाली, गरम लागली, सूज वाढली तर थांबा आणि दाखवा. पंधरा दिवस नेमानं करूनही मूठ किंवा गुडघा पुढे सरकला नाही तर अडवणूक आत आहे असं समजा आणि वेळ न घालवता अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. या घरच्या कामाला यंत्र लागत नाही, फारसा पैसाही लागत नाही. रोज अर्धा तास त्या माणसाजवळ बसणारं कोणीतरी लागतं.